खत न लागणारं पीक येणार का? कमी नत्राची जमीन आणि जनुकं बदललेली वाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपाच्या तोंडावर युरियाची टंचाई सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी हमखास फिरते: शास्त्रज्ञांनी असा भात तयार केला, ज्याला खतच लागत नाही. मग मला फोन येतात. कोणी विचारतं बियाणं कुठे मिळेल, कोणी विचारतं हे बीटीसारखंच का, आणि एक काका दरवर्षी विचारतात, "खरं का रे हे?" मी शेतकी पदवीधर, परभणीकडे थोडी शेती आहे. बियाणं विकत नाही आणि जीएमच्या, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांच्या, बाजूच्या किंवा विरोधातल्या कुठल्या मोर्चातही नसतो. तीच उत्तरं फोनवर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

माझ्या जमिनीत नत्र कमी आहे हे कसं ओळखायचं?

माती परीक्षणाच्या अहवालात 'उपलब्ध नत्र' हा रकाना बघा. हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर 'कमी', २८० ते ५६० 'मध्यम'. त्याच कागदावर सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या आत असेल तर नत्राचं उत्तर निम्मं तिथेच मिळालं, कारण मातीतलं बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थातच बांधलेलं असतं. आपल्याकडचं ऊन तो पदार्थ झपाट्यानं जाळतं, जनावरं कमी झाल्यामुळे शेणखत कमी पडतं, आणि उरलेला काडीकचरा आपण बांधावर पेटवतो.

पीक स्वतःही सांगतं. मक्याचं किंवा ज्वारीचं खालचं पान आधी पिवळं पडतं, आणि पिवळेपणा टोकापासून मधल्या शिरेनं आत सरकत जातो. वरची पानं हिरवीच असतात. झाड म्हाताऱ्या पानातलं नत्र काढून कोवळ्या पानाला देतं, म्हणून असं होतं. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांत आधी दिसला तर दोष बहुधा लोहाचा किंवा गंधकाचा. तिथे युरिया टाकून उपयोग नाही.

हवेत तर ७८ टक्के नत्र आहे. मग पिकाला ते का मिळत नाही?

हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी धरून बसलेले असतात. ती मिठी सोडवणं कुठल्याच पिकाला जमत नाही. माणसाला जमलं, पण फार उशिरा आणि फार खर्चात. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना उभा केला. त्यासाठी चारशे-पाचशे अंश तापमान, प्रचंड दाब आणि नैसर्गिक वायू लागतो. आपल्या युरियाच्या गोणीची मुळं अशी वायूच्या आयातीपर्यंत जातात.

काही जीवाणू मात्र हेच काम साध्या मातीच्या तापमानात करतात. त्यांच्याकडे नायट्रोजनेज नावाचं विकर असतं. लोह आणि मॉलिब्डेनम पोटात असलेलं हे यंत्र दोन बाबतींत फार नाजूक आहे. एक, त्याला ऊर्जा बेसुमार लागते: हवेतला नत्राचा एक रेणू फोडायला पेशीच्या इंधनाचे, म्हणजे एटीपीचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात. दुसरं, ऑक्सिजन लागला की ते बंद पडतं.

सोयाबीन, तूर, हरभरा या अडचणीतून कसे सुटतात ते शेतात बघता येतं. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी सोयाबीनचं एक झाड ओढून न काढता खुरप्यानं मातीसकट उचला, मुळं पाण्यात हलक्या हातानं धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ कामाला लागलेली आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा दूरचा भाऊ. तो ऑक्सिजन मोजूनमापून देतो, त्यामुळे नायट्रोजनेज वाचतं. गाठ आतून पांढरट किंवा हिरवी निघाली तर ती नुसती मुक्कामाला आहे, काम करत नाही.

मग जनुकं बदलून शास्त्रज्ञ नेमकं काय करतात?

बातमीत सगळं एकच वाटतं, पण कामं तीन वेगळी आहेत. एक, जमिनीत आहे ते नत्र पिकानं जास्त उचलावं आणि दाण्यात जास्त न्यावं. दोन, जमिनीत दिलेलं नत्र निसटून जाऊ नये. तीन, पिकानं हवेतलं नत्र स्वतःच पकडावं, किंवा पकडणाऱ्या जीवाणूला जवळ बसवावं.

बातमी यातल्या कुठल्या कामाची आहे, हे आधी बघा. मी प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारतो: वाढीव पिकाला लागणारं नत्र येणार कुठून? पहिल्या प्रकारात ते मातीतून किंवा तुमच्या गोणीतून येतं, दुसऱ्यात वाया जाणाऱ्यातून, आणि फक्त तिसऱ्यात हवेतून. खत न लागणारं पीक हे शब्द तिसऱ्यालाच लागू होतात. बातम्या मात्र बहुतेक पहिल्याच्या असतात.

पहिल्या प्रकारात आजवर काय सापडलं?

सर्वांत जास्त काम भातात झालंय, आणि त्यातलं बरंचसं चीनमध्ये.

इंडिका आणि जॅपोनिका या भाताच्या दोन मोठ्या जाती. इंडिका मातीतलं नायट्रेट जास्त ओढते हे आधीपासून माहीत होतं. २०१५ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या गटानं त्यामागचं एक जनुक दाखवलं, एनआरटी१.१बी. दोन्ही जातींत त्याच्यात एकाच अक्षराचा फरक निघाला. इंडिकाचं रूप जॅपोनिकात आणल्यावर कमी नत्रातही दाणा वाढला. पुढे २०१९ मध्ये याच जनुकाचा मुळांभोवतालच्या जीवाणूंशीही संबंध दिसला. आपला बहुतेक भात इंडिका, म्हणजे ही देणगी आपल्याकडे आधीपासून आहे.

२०२१ मधलं टीसीपी१९ हे जनुक मला जास्त बोलकं वाटतं. जगभरातून जमवलेल्या जुन्या वाणांना कमी-जास्त नत्र देऊन फुटवे मोजले गेले. या जनुकाचं एक रूप असलेली वाणं नत्र दिल्यावर भरपूर फुटवे धरतात, आणि हे रूप मुख्यतः गरीब जमिनीच्या मुलखातल्या जुन्या वाणांत आढळलं. सुधारित वाणांतून ते जवळजवळ नाहीसं झालंय. कारण समजण्यासारखं आहे. निवड करणाऱ्यांची शेतं खतानं भरलेली होती, तिथे या गुणाचं काही अडलं नाही आणि तो गळून गेला. तेच रूप आजच्या वाणात परत आणल्यावर कमी नत्रात नत्राचा वापर २० ते ३० टक्के सुधारला.

म्हणजे हरित क्रांतीच्या वाणांनीच जमिनी बिघडवल्या का?

नाही, त्या वाणांवर तो आरोप करणं बरोबर नाही. पण एक गोष्ट खरी आहे. उंच गव्हाला जास्त युरिया दिला की तो लोळायचा, म्हणून बुटकी वाणं आली. बुटकेपणाच्या जनुकांमुळे झाडात डेला नावाची प्रथिनं साठून राहतात आणि वाढीला ब्रेक लागतो. २०१८ मध्ये दिसून आलं की हाच ब्रेक नत्र उचलण्यालाही लागतो. म्हणून बुटक्या वाणाला पोटभर नत्र समोर वाढून ठेवावं लागतं. जीआरएफ४ नावाचं जनुक या ब्रेकच्या उलट काम करतं. त्याचा जोर वाढवल्यावर झाड बुटकंच राहिलं आणि नत्र उचलण्याची भूक परत आली. गहू-भात दोन्हींत हे दिसलं.

'उत्पादनात ६८ टक्के वाढ' अशी बातमी वाचली. खरी आहे का?

प्रयोगातला आकडा म्हणून खरा आहे. २०२२ मध्ये भातातल्या डीआरईबी१सी या जनुकाचा जोर वाढवल्यावर शेतातल्या चाचणीत ४१ ते ६८ टक्के वाढ नोंदवली गेली, आणि पीक लवकर फुलोऱ्यातही आलं. पण ती वाढ निप्पोनबारे या वाणावरची. हे प्रयोगशाळेचं लाडकं वाण, शेतकऱ्याच्या शिवारातलं अव्वल वाण नव्हे. मुळात कमी देणाऱ्याला वाढवणं सोपं असतं. चाचणीचे वाफेही लहान असतात. छोट्या वाफ्यात कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, एवढ्यानंसुद्धा आकडा फुगतो.

याला उतारा म्हणून कॉर्टेवा या बियाणे कंपनीच्या शास्त्रज्ञांनीच २०२१ मध्ये छापलेला हिशेब बघा. मक्यात त्यांनी १,६७१ जनुकं तपासली. पुढच्या टप्प्याच्या लायकीची उरली २२. याच कंपनीनं झेडएमएम२८ हे मक्याचंच जनुक जरा लवकर आणि जास्त चालू केलं, त्यातून प्रकाशसंश्लेषण आणि नत्राचा वापर दोन्ही सुधारले. अनेक वर्षं, अनेक ठिकाणी, अनेक संकरित वाणांत चाचणी झाल्यावर वाढ निघाली ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास. मला हा आकडा ६८ पेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. ज्यानं वीस पोती मका विकलाय त्याला एक पोतं जास्त म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाची गोष्टही याच माळेतली. तिथे बार्लीतलं एक जनुक, अलानिन अमिनोट्रान्सफरेज, कॅनोलात घातलं तेव्हा कमी नत्रात पीक छान आलं. एका कंपनीनं हक्क घेतले, भातात ते घातलं, आफ्रिकेत युगांडा आणि घानामध्ये नेरिका भातावर चाचण्या झाल्या. दोन दशकांहून जास्त काळ गेला. शेतकऱ्याच्या पेरणीयंत्रात ते बी पडलेलं नाही.

मी खत फारसं देतच नाही. असं वाण माझ्या कामाचं आहे ना?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर लोकांना आवडत नाही. थोडा हिशेब करू.

भाताचा एक क्विंटल दाणा तयार व्हायला पीक साधारण दीड ते दोन किलो नत्र उचलतं. हेक्टरी ५० क्विंटलला ७५ ते १०० किलो. नवं वाण २० टक्के जास्त देणार असेल तर आणखी १५ ते २० किलो नत्र हवं. दाण्यात प्रथिन असतं आणि प्रथिनात नत्र असतं, त्याला पर्याय नाही. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के असलेल्या हेक्टरभर जमिनीच्या वरच्या थरात सगळं मिळून नत्र असतं नऊशे किलोच्या आसपास, तेही बरंचसं बांधलेलं. तुम्ही काहीच दिलं नाही आणि वाणाची भूक वाढवली, तर ते याच साठ्यातून काढणार. सुरुवातीची वर्षं छान जातील. मग जमीन आणखी हलकी होईल.

आता दुसरा शेतकरी घ्या, हेक्टरी १२० किलो नत्र देणारा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नत्र, म्हणून हेक्टरी जवळपास सहा गोण्या. जगभरातल्या तृणधान्यांचा सरासरी अंदाज असा की दिलेल्या नत्रातलं जेमतेम एक तृतीयांश दाण्यात पोहोचतं. बाकीतलं बरंचसं अमोनिया होऊन उडतं, नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं, किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. त्याच्या शेतात हे वाण वाया जाणाऱ्यातलंच उचलेल, आणि तो पाचवी-सहावी गोणी वाचवू शकेल. 'गरीब जमिनीसाठी' म्हणून गाजलेल्या या वाणांचा पक्का फायदा असा सध्या तरी खत देणाऱ्यालाच जास्त आहे. कोरडवाहू, खत न परवडणाऱ्या माणसाला खरा आधार तिसऱ्या प्रकारातूनच येऊ शकतो.

मग त्या तिसऱ्या प्रकाराचं काय? ज्वारी-गव्हाला सोयाबीनसारख्या गाठी येतील का?

येतील तेव्हा खरं, पण कल्पना वाटते तितकी हवेतली नाही. बहुतेक वनस्पती मुळांत मायकोरायझा बुरशीला घर देतात, गहू-ज्वारीही देतात. डाळवर्गीयांनी जीवाणूंसाठी वापरलेले निरोपाचे मार्ग बरेचसे याच बुरशीच्या जुन्या ओळखीतून घेतलेत. म्हणजे अर्धा रस्ता तृणधान्यात तयार आहे. केंब्रिजमध्ये जाइल्स ओल्ड्रॉइड यांच्या गटानं आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यांसाठी म्हणून यावर कित्येक वर्षं काम केलंय. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या आऱ्हूस विद्यापीठातल्या गटानं मुळातल्या एका ग्राहक-प्रथिनाचे (बाहेरचा निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाचे) फक्त दोन दुवे बदलले, आणि जीवाणूला शत्रू समजणारं प्रथिन त्याला पाहुणा समजू लागलं. बार्लीच्या प्रथिनातही तसाच बदल करून दाखवला.

पण दार उघडणं वेगळं आणि घर बांधून देणं वेगळं. गाठ तयार व्हायला हवी, आत ऑक्सिजन आवरायला हवा, जीवाणूला साखर पुरवायला हवी, त्यानं दिलेला अमोनिया झाडानं घ्यायला हवा. हे सगळं एकाच तृणधान्यात जुळून आलेलं अजून कोणी दाखवलेलं नाही.

दुसरी वाट आणखी धाडसी: जीवाणू नकोच, नायट्रोजनेजच झाडाच्या पेशीत बसवायचं. क्लेबसिएला या जीवाणूत त्या यंत्राची आणि त्याच्या जुळणीची मिळून वीसच्या आसपास जनुकं एकापाठोपाठ एक आहेत. माद्रिदमधल्या लुईस रुबियो यांच्या गटानं त्यातले काही भाग भातात बनवून दाखवले. सगळे भाग, योग्य प्रमाणात, योग्य जागी, ऑक्सिजन चुकवून, हे अजून दूर आहे.

हे निसर्गाला तरी जमलंय का? जमलंय, आणि हे कळलं तेव्हा मी स्वतः बातमी दोनदा वाचली. समुद्रातल्या एका एकपेशीय शैवालात राहणारा नत्र पकडणारा जीवाणू आता जीवाणू राहिलेलाच नाही, तो त्या पेशीचा अवयव झालाय, असं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याला नायट्रोप्लास्ट असं नाव मिळालं. जपानच्या कोची विद्यापीठातल्या क्योको हागिनो यांनी हे शैवाल प्रयोगशाळेत जगवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती. निसर्गाला या संसारासाठी लागली सुमारे दहा कोटी वर्षं.

मेक्सिकोत हवेतून नत्र घेणारा मका आहे म्हणतात. तो जीएम आहे का?

अजिबात नाही. ओआहाका राज्यातल्या सिएरा मिहे डोंगरात, तोतोंतेपेक गावाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या लावला जाणारा तो देशी मका आहे. पंधरा-सोळा फूट उंच. आपल्या मक्याला जमिनीलगत एक-दोन वेढे आधारमुळं येतात, याला खोडावर बरेच वर आठ-दहा वेढे येतात. पावसात त्या मुळांच्या टोकांतून घट्ट, गोडसर डिंक गळतो. त्या साखरेवर जीवाणू पोसले जातात, आणि डिंकाच्या आत ऑक्सिजन कमी असल्यामुळे त्यांचं यंत्र चालतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या मक्यानं आपलं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून मिळवलं होतं.

संशोधकांनी गावाशी लाभवाटपाचा करार केला, हे मला नोंदवावंसं वाटतं, कारण उलट उदाहरणं आपण पुष्कळ पाहिलीत. हा मका जसाच्या तसा लावून आपल्याला भागणार नाही. तो हळू वाढतो आणि डिंकाला सतत ओलावा लागतो. मराठवाड्याच्या ऑगस्टमधल्या उघडिपीत तो डिंक दुपारपर्यंत वाळून जाईल. पण आधारमुळं आणि डिंक हा गुण इतर मक्यात आणायचा प्रयत्न चालू आहे, आणि त्यासाठी परकं जनुक लागत नाही.

पिकाऐवजी जीवाणूच बदलले तर?

तेही चाललंय. आपल्या अझोटोबॅक्टरच्या पाकिटाची अडचण अशी की मातीत युरिया दिसला की जीवाणू आपलं काम थांबवतो. आयतं मिळत असताना एवढी ऊर्जा कोण जाळेल? अमेरिकेत पिव्हट बायो या कंपनीनं जीवाणूतलं हे बटणच जनुक संपादनानं निकामी केलं आणि मक्यासाठी २०१९ पासून विक्री सुरू केली. तिकडच्या विद्यापीठांनी नत्र पकडणाऱ्या जीवाणूंच्या अशा निरनिराळ्या उत्पादनांच्या स्वतंत्र चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्पादनात फरक दिसला नाही.

कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटानं उलटी वाट धरली. त्यांनी भातातली काही जनुकं जनुक संपादनाच्या कात्रीनं बंद केली, त्यामुळे मुळांतून एपिजेनिन नावाचं द्रव्य जास्त पाझरू लागलं. त्यानं मातीतले जीवाणू एकत्र येऊन चिकट थर करून राहू लागले, आणि थराच्या आत ऑक्सिजन कमी. मेक्सिकोतल्या डिंकाचीच युक्ती, फक्त मातीखाली. २०२२ चं हे काम आहे, पुढे गव्हातही तसंच केलं. मला तिसऱ्या प्रकारात सर्वांत लवकर शेतात येण्यासारखं हेच वाटतं.

आणि दुसरा प्रकार, नत्र निसटू न देण्याचा?

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच ज्वारीत आहे. ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य निघतं. ते अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना मंद करतं. अमोनिया मातीच्या कणांना चिकटून राहतो, नायट्रेट पाण्याबरोबर पळतं. म्हणजे ज्वारी आपला नत्राचा डबा स्वतःच झाकून ठेवते. जपानच्या जिरकास संस्थेतले गुंटूर सुब्बाराव यांचं आयुष्य या विषयात गेलंय. त्यांनी आणि मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेनं एका रानटी गवताच्या गुणसूत्राचा तुकडा दूरच्या संकरातून गव्हात आणला, तोही नत्र राखणारा गहू निघाला. हे जीएम नाही. युरियाला २०१५ पासून सक्तीचं झालेलं कडुनिंबाचं अस्तर याच तत्त्वावर आहे.

जीएम आणि जीनोम एडिटिंग यांत फरक काय? भारतात कायदा काय म्हणतो?

जीएममध्ये बहुधा बाहेरचं जनुक पिकात येतं. बीटी कापसात मातीतल्या जीवाणूचं आलं तसं. एडिटिंगमध्ये पिकाचंच जनुक दुरुस्त किंवा बंद केलं जातं, आणि शेवटच्या रोपात परकं काही उरत नाही. ३० मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार अशा, परकं जनुक नसलेल्या (एसडीएन-१ आणि एसडीएन-२ म्हणतात त्या) संपादित वाणांना जीएमसाठीच्या कडक नियमांतून सूट आहे. परकं जनुक नाही हे मात्र दाखवावं लागतं.

जीएमची वाट अवघडच आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं गेलं, आणि जीएम मोहरीवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. त्यामुळे नत्राचं वाण भारतात आधी आलं तर ते एडिटिंगमधूनच येईल.

भारतात असं वाण मिळतं का? कुणी 'नत्र वाचवणारं बियाणं' म्हणून विकत असेल तर?

४ मे २०२५ रोजी केंद्रानं दोन संपादित भात जाहीर केले. सांबा मसुरीपासून केलेला डीआरआर धान १०० अर्थात कमला, आणि एमटीयू १०१० पासून केलेला पुसा डीएसटी राइस १. कमलात एक जनुक बदलून दाण्यांची संख्या वाढवलीय, दुसऱ्यात क्षार आणि दुष्काळ सोसण्याचा गुण आहे. दोन्हींचा मुख्य हेतू नत्र नव्हे. ज्वारी, गहू, मका, कापूस यांत तर असं काहीच बाजारात नाही.

म्हणून पाकिटावर कोणी तसं छापलं असेल तर घेऊ नका. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं बंदी असलेला एचटीबीटी (तणनाशक सोसणारा) कापूस उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची भूमिका पटो न पटो, ती जाहीर होती. बिनबिलाचं पाकीट विकणाऱ्याचं तसं नसतं. बी उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार?

घरचं बी राखता येईल का?

भात-गव्हाचं सरळ वाण असेल तर हो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिलाय, फक्त नोंदणीकृत वाण ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. संकरित मक्याचं बी राखून उपयोग नसतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

खायला सुरक्षित आहे का? शेजारच्या पिकाला त्रास होईल का?

यातली बहुतेक जनुकं भात, मका, बार्ली अशा आपण खातोच त्या धान्यांची आहेत, त्यामुळे नवं विष तयार होण्याची भीती मला कमी वाटते. मला काळजी दोन गोष्टींची. एक, नत्र तेवढंच आणि दाणा जास्त, तर प्रत्येक दाण्यात प्रथिन कमी. चपाती करणारीला ते पिठात लगेच कळेल. वाणाच्या माहितीत उत्पादनाशेजारी प्रथिनाचा आकडा मागा.

दुसरी गोष्ट तणाची. ज्वारीचा आणि बरू या तणाचा संकर होतो हे बांधावर बरू असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भुकेल्या जमिनीत जोमानं वाढण्याचा गुण ज्वारीतून बरूत गेला तर खुरपणीला माणसं कुठून आणणार? ज्वारीत असं काही करण्याआधी याची तपासणी व्हायलाच हवी.

नॅनो युरिया हेच काम करतो ना?

त्याचा जनुकांशी संबंध नाही. सुरुवातीच्या ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत नत्र होतं २० ग्रॅम. गोणीत असतं २०.७ किलो. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

मग येत्या हंगामात मी काय करू?

युरिया ओल्या जमिनीवर फेकून ठेवू नका. आपल्या काळ्या, विम्लधर्मी रानात वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. कोळप्यानं मातीआड करा. एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या. भाताला पर्णरंग तक्ता मिळतो, पान त्याच्याशी ताडून मगच पुढचा हप्ता द्या. नुसती काळोखी बघून खूश होऊ नका, तिच्या मागोमाग मावा आणि लोळणं येतं. गोणीबरोबर दुकानदार एखादी बाटली गळ्यात मारत असेल तर बिलावर वेगळी लिहून मागा. गेल्या वर्षी मी मागितली तेव्हा बाटली परत फळीवर गेली.

आणि बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट, सांभाळा. आमच्या पांदीकडच्या तुकड्यात अर्ध्या भागात मूग होता, अर्ध्यात बाजरी. मागून सगळीकडे एकच रब्बी ज्वारी, एकच बी, एकच दिवस, खत सारखंच. मुगाच्या भागातली ज्वारी गुडघ्याएवढी झाली तेव्हाच दोन्हींच्या मधली रेघ बांधावरून दिसत होती. ते दरवर्षी फोन करणारे काका बघायला आले, रेघेवर उभे राहिले आणि म्हणाले, "हे जनुक कोणतं रे?"